न घेतलेली सही : बल्गेरियातून स्ट्रासबर्गला गेलेलं एक प्रकरण

१० डिसेंबर २००२ रोजी डॅन्यूबकाठच्या एका बल्गेरियन शहरातून एक रुग्णवाहिका निघाली. सुमारे चारशे किलोमीटरवर, रिला पर्वतातल्या एका आडबाजूच्या निवासी संस्थेसमोर ती थांबली. आतल्या माणसाला आपण कुठे आलो, कशासाठी आलो आणि किती दिवसांसाठी आलो हे कुणी सांगितलं नाही. त्याच दिवशी त्याच्या नावाने एक करार झाला होता. करारावर संस्थेची सही होती आणि त्याच्यासाठी नेमलेल्या पालकाची सही होती. त्याची स्वतःची नव्हती.

या प्रकरणात पुढे पुष्कळ काही घडलं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात सतरा न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली, पाच-सहा कलमांवर वाद झाला, भरपाई मिळाली. पण निकालपत्र वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या सहीपाशीच येतो. म्हणून ही मांडणीही तिच्याभोवतीच केली आहे. त्या माणसाचं नाव आणि त्या गावाचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. इथे त्याला ‘अर्जदार’ म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

अर्जदार मध्यमवयीन, दीर्घकाळच्या मानसिक आजाराचं निदान झालेला. १९९० साली वैद्यकीय मंडळाने त्याची काम करण्याची क्षमता ९० टक्के कमी झाल्याचं ठरवलं. मात्र रोजच्या जगण्यासाठी त्याला कुणाच्या मदतीची गरज नाही, हेही त्याच मंडळाने नोंदवलं. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर त्याचं भागत होतं.

२००० साली दोन नातेवाइकांनी न्यायालयात अर्ज केला, की तो आपले व्यवहार सांभाळू शकत नाही. न्यायालयाने त्याला ‘अंशतः अक्षम’ ठरवलं. पुढल्या वर्षी अपील न्यायालयानेही ते कायम केलं. इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बल्गेरियाच्या १९४९ च्या व्यक्ती व कुटुंब कायद्यात अक्षमतेचे दोन प्रकार आहेत. पूर्ण अक्षम ठरलेल्या माणसाच्या वतीने त्याचा पालक व्यवहार करतो. अंशतः अक्षम ठरलेला माणूस व्यवहार स्वतःच करतो, त्याला पालकाची संमती लागते एवढंच. म्हणजे दुसऱ्या प्रकारात कागदावर दोन सह्या हव्यात आणि पहिली त्या माणसाची हवी.

नातेवाइकांपैकी कुणी पालक व्हायला तयार झालं नाही. म्हणून मे २००२ मध्ये नगरपालिकेने आपल्याच एका कर्मचाऱ्याला पालक नेमलं. नेमणुकीनंतर आठवडाभरातच पालकाने अर्जदाराला मानसिक आजार असलेल्यांच्या निवासी संस्थेत ठेवावं असा अर्ज समाजसेवा खात्याकडे केला. डिसेंबरात जागा मिळाली आणि रुग्णवाहिका निघाली. अर्जदाराला यातलं काहीही विचारलं गेलं नव्हतं.

संस्थेतलं जगणं

संस्था फक्त पुरुषांसाठी होती, आणि जवळच्या गावापासून काही किलोमीटर आत, कच्च्या रस्त्यावर. सोळा चौरस मीटरच्या खोलीत अर्जदार आणि आणखी चार जण. अंगावरचे कपडे धुवायला गेले की परत येताना आपलेच येतील याची खात्री नाही. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने घालायचं. आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही मोडकळीला आलेल्या न्हाणीघरात. संडास बाहेर अंगणात, इतक्या वाईट अवस्थेत की तिथवर जाणंच धोक्याचं. हिवाळ्यात खोल्या पुरेशा तापत नसत, त्यामुळे कोट अंगावर ठेवूनच झोपायचं. जेवण अपुरं आणि निकृष्ट. निवृत्तिवेतनातले ८० टक्के संस्थेकडे जात.

कपड्यांची गोष्ट काहींना किरकोळ वाटेल. मला ती सर्वांत बोचली. आजचा सदरा उद्या दुसऱ्याच्या अंगावर दिसणार, अशा ठिकाणी माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं उरतं काय? न्यायालयानेही ही बाब निकालात वेगळी नोंदवली.

संस्थेला कुलूप नव्हतं. अर्जदार गावात जायचा. पण त्याची ओळखपत्रं संचालकांच्या ताब्यात होती. गावापलीकडे जायचं तर त्यांची परवानगी, आणि ती द्यायची की नाही ही सर्वस्वी त्यांची मर्जी. काही वेळा त्याला आपल्या शहरी जाऊन यायची रजा मिळाली, दर वेळी दहाएक दिवसांची. प्रवासाला सुमारे ६० लेव्हा, म्हणजे तेव्हाचे ३० युरो लागत. सप्टेंबर २००६ मध्ये रजा संपूनही तो परतला नाही. संचालकांनी तिथल्या पोलिसांना त्याला शोधून आणायला सांगितलं. त्याच्यावर शोधाचा हुकूम नसल्यामुळे आणता येणार नाही, असं पोलिसांनी कळवलं. शेवटी संस्थेचेच कर्मचारी ऑक्टोबरअखेरीस त्याला परत घेऊन आले. हा प्रसंग पुढे सरकारला महागात पडला.

अडचण

२००४ च्या शेवटी त्याची एका वकिलाशी गाठ पडली. सोफियातली एक मानवी हक्क संघटना आणि बुडापेस्टमधली, मानसिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणारी एक संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्याची मागणी सरळ होती : मला इथून बाहेर पडायचं आहे आणि माझी कायदेशीर क्षमता परत हवी आहे.

ही मागणी करायची कुणी? अंशतः अक्षम ठरलेल्या माणसाला स्वतः न्यायालयात जाऊन ‘माझी क्षमता परत द्या’ म्हणता येत नव्हतं. तो अर्ज पालकाने करायचा, नाहीतर सरकारी वकिलाने, नाहीतर पालकत्वाचं काम पाहणाऱ्या नगराध्यक्षांनी.

सरकारी वकिलांनी ऑगस्ट २००५ मध्ये नकार दिला. अर्जदार एकटा निभावू शकणार नाही, संस्था हीच त्याच्यासाठी योग्य जागा, असं त्यांचं म्हणणं. नगराध्यक्षांनी सप्टेंबरात नकार दिला. त्या नकाराविरुद्ध जिल्हा न्यायालयात दाद मागितली, तीही १० मार्च २००६ रोजी संपुष्टात आली. उरला पालक. २००५ च्या सुरुवातीपासून पालक कोण होतं? संस्थेचे संचालक. ज्यांच्या ताब्यात तो होता, त्यांच्याच परवानगीने त्याने त्या ताब्याला आव्हान द्यायचं. त्याने तोंडी अनेकदा विचारून पाहिलं. उत्तर दर वेळी नाही.

संचालक दुष्ट होते असं मला इथे म्हणायचं नाही. तसा पुरावा नाही आणि न्यायालयानेही तसं म्हटलेलं नाही. पण अशा रचनेत माणूस चांगला असून भागत नाही. संस्था चालवणं आणि एखाद्याची बाजू मांडणं ही दोन कामं एकाच टेबलावर ठेवली, तर दुसरं काम मागे पडणारच.

समोरचे पर्याय

देशातले दरवाजे बंद झाल्यावर वकिलांपुढे तीन वाटा होत्या असं दिसतं.

पहिली वाट निरीक्षणाची. युरोप परिषदेच्या (मानवी हक्कांसाठी एकत्र आलेल्या युरोपीय देशांच्या संघटनेच्या) छळ प्रतिबंधक समितीने २००३ मध्ये या संस्थेला भेट दिली होती. तिथली परिस्थिती अमानुष आणि मानहानिकारक वागणूक ठरू शकेल इतकी वाईट असल्याचा ठपका तिने ठेवला होता. संस्था बंद करू असं आश्वासन सरकारने त्यानंतर दिलं. ती बंद झाली नाही. समितीचं हत्यार म्हणजे अहवाल. एका माणसाला बाहेर काढण्याचा आदेश ती देऊ शकत नाही.

दुसरी वाट सामूहिक तक्रारीची, युरोपीय सामाजिक हक्क समितीकडे. तिथे संघटना तक्रार करते आणि प्रश्न धोरणाचा असतो. बल्गेरियातल्या निवासी संस्थांमधल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल अशीच एक तक्रार त्या काळात झाली आणि २००८ मध्ये बल्गेरियाविरुद्ध गेली. वाट उपयोगाची, पण एका व्यक्तीला सोडवायला अपुरी.

तिसरी वाट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची. अनेक वाचकांना वाटतं, की अपंग व्यक्तींचा खटला म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आलाच. तो करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. या प्रकरणाचा अर्ज त्याच्या तीन महिने आधी गेला होता. हातात होता तो मानवी हक्कांचा १९५० चा युरोपीय करार, ज्यात अपंगत्व हा शब्दच नाही. उलट त्याच्या पाचव्या कलमात ‘मनोविकल’ व्यक्तींना डांबून ठेवण्याची मुभा आहे. अशा मजकुरातून वाट काढायची होती.

तिसऱ्या वाटेचा मोठा फायदा मात्र असा : ज्याला झळ बसली तो स्वतः स्ट्रासबर्गला अर्ज करू शकतो. त्याच्या देशाने त्याला अक्षम ठरवलं असलं तरी करू शकतो. पालकाची संमती लागत नाही. जी सही देशात कुणी घेतली नाही, ती इथे चालत होती.

काय केलं

पहिला निर्णय पुराव्याचा. संस्थेच्या बाहेरचे एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून ३१ ऑगस्ट २००६ रोजी अर्जदाराची नव्याने तपासणी करून घेतली. संस्थेतला मुक्काम त्याच्या प्रकृतीला अपाय करतो आहे, तो तिथून बाहेर पडलेला बरा, असं त्यांचं मत पडलं. अर्जाच्या आठवडाभर आधी केलेलं हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारकडे जुने कागद होते. ताजं आणि स्वतंत्र मत फक्त अर्जदाराच्या बाजूने होतं.

दुसरा निर्णय मुदतीचा. तेव्हा देशातल्या अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागे. (१ फेब्रुवारी २०२२ पासून ही मुदत चार महिन्यांची झाली आहे.) जिल्हा न्यायालयाचा निर्णय १० मार्चचा, अर्ज गेला ८ सप्टेंबर २००६ ला. सतत चालू असलेल्या उल्लंघनाबाबत मुदत वेगळ्या तऱ्हेने मोजली जाते, त्यामुळे दोन दिवसांहून अधिक उशीर झाला असता तर सगळं बुडालंच असतं असं नाही. तरीही कुठल्याही वकिलाने अशा माणसाच्या बाबतीत ती जोखीम घेऊ नये, आणि इथे ती घेतली गेली नाही.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड. प्रकरणाचा कणा कोणता ठेवायचा? संडास, थंडी, जेवण यांवर भर दिला तर सहानुभूती लवकर मिळते. तिसरं कलम, म्हणजे अमानुष वागणुकीला मनाई, त्यावर जिंकण्याची शक्यता चांगली होती. पण फक्त त्यावर जिंकलं असतं तर सरकारने इमारत रंगवली असती, संडास बांधले असते, आणि अर्जदार त्याच खोलीत राहिला असता. हे तर्कापुरतं नाही. २००९ च्या शेवटी संस्थेत खरोखरच दुरुस्त्या झाल्या.

म्हणून अर्जात तिसऱ्या कलमाबरोबर पाचवं, म्हणजे स्वातंत्र्याचं कलमही पूर्ण ताकदीने मांडलं गेलं. न्यायालयात दाद मागण्याचं सहावं, खासगी आयुष्याचं आठवं आणि परिणामकारक उपायाचं तेरावं हीसुद्धा होती. स्वातंत्र्याचा मुद्दा धोक्याचा होता. सामाजिक निवासगृहातला मुक्काम म्हणजे स्वातंत्र्य हिरावणं, असं या न्यायालयाने तोवर एकदाही ठरवलेलं नव्हतं.

सरकारचा बचाव अंदाज करता येईल असाच होता. ही कैद नाही, सामाजिक सेवा आहे. करार दिवाणी आहे. तो गावात जातो, रजेवर जातो. त्याने कधी विरोध केला नाही. या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ होतो. ज्याला विचारलंच नाही, त्याने विरोध केला नाही असं म्हणायचं!

निकाल

प्रकरण ग्रँड चेंबरकडे, म्हणजे न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या सर्वांत मोठ्या पीठाकडे गेलं आणि १७ जानेवारी २०१२ रोजी निकाल लागला.

पाचव्या कलमावर अर्जदार जिंकला. परवानगीची सक्ती, ताब्यात ठेवलेली ओळखपत्रं, मर्जीवर अवलंबून असलेली रजा, उशीर झाल्यावर माणसं पाठवून परत आणणं, मुक्कामाला कसलीच मुदत नसणं, हे सगळं एकत्र धरलं की तो सतत देखरेखीखाली होता आणि मोकळा नव्हता, असं न्यायालयाने ठरवलं. २००६ चा तो न परतण्याचा प्रसंग इथे निर्णायक पुराव्यांपैकी एक ठरला.

मग प्रश्न आला, ही बंदी कायदेशीर होती का? इथे ती सही पुन्हा समोर आली. अंशतः अक्षम माणसाच्या वतीने एकट्या पालकाने करार करणं खुद्द बल्गेरियाच्या कायद्यातच बसत नव्हतं. वैद्यकीय आधार पाहावा तर संस्थेत पाठवताना जो अहवाल होता, तो नोव्हेंबर २००० च्या आधीचा, क्षमतेच्या दाव्यासाठी केलेला, दोन वर्षांहून जुना. १९७९ पासून हे न्यायालय अशा बंदीसाठी तीन गोष्टी मागत आलं आहे : वस्तुनिष्ठ वैद्यकीय मत, बंदी गरजेची ठरावी इतकी आजाराची तीव्रता, आणि ती तीव्रता अजून टिकून असणं. तिन्हींच्या कसोटीवर सरकारची बाजू लंगडी पडली. घराची आणि सामाजिक मदतीची गरज आहे म्हणून माणसाचं स्वातंत्र्य आपोआप काढून घेता येत नाही, असा या भागाचा आशय आहे.

मुक्कामाची न्यायालयीन तपासणी मागायची सोय नाही आणि भरपाईची वाट नाही, म्हणून पाचव्या कलमाचीच आणखी दोन उल्लंघनं नोंदवली गेली.

तिसऱ्या कलमावर न्यायालयाने सुमारे सात वर्षांची परिस्थिती एकत्र धरली आणि वागणूक मानहानिकारक ठरवली. मानखंडना करण्याचा हेतू नसला तरी उल्लंघन होतं आणि पैशांची टंचाई ही सबब चालत नाही, हेही सांगितलं. त्यावर देशात परिणामकारक उपाय नव्हता, म्हणून तेरावं कलमही मोडलं.

सहाव्या कलमाचा भाग मला सर्वांत दूरगामी वाटतो. न्यायालयाने युरोपातल्या वीस देशांचे कायदे पाहिले. त्यांतल्या अठरा देशांत अंशतः अक्षम ठरलेली व्यक्ती स्वतः न्यायालयात जाऊन फेरविचार मागू शकत होती. वारंवार अर्ज होऊ नयेत म्हणून काही बंधन घालता येईल, पण दार पूर्ण बंद ठेवता येणार नाही. आपली क्षमता परत मागण्यासाठी माणसाला थेट न्यायालयात जाता आलं पाहिजे.

भरपाई १५,००० युरो. शिवाय न्यायालयाने सुचवलं, की या संस्थेत राहायचं आहे का हे अधिकाऱ्यांनी अर्जदारालाच विचारावं. रुग्णवाहिका निघाली त्याला तोवर नऊ वर्षं झाली होती.

त्यानंतर

अशा निकालांची अंमलबजावणी युरोप परिषदेची मंत्र्यांची समिती पाहते. २०१२ मध्येच बल्गेरियाने संयुक्त राष्ट्रांच्या करारालाही मान्यता दिली. पालकत्वाऐवजी निर्णयाला आधार देण्याची व्यवस्था आणणारं विधेयक २०१६ मध्ये संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१५ मध्ये याच न्यायालयाला बल्गेरियातल्याच दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत जवळपास हीच उल्लंघनं पुन्हा नोंदवावी लागली. संस्था वेगळी, गोष्ट तीच.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ. अर्जापासून निकालापर्यंत पाच वर्षं चार महिने गेले आणि तो काळ अर्जदाराने बहुतेक त्याच संस्थेत काढला. तातडीच्या प्रकरणांना आधी घेण्याचं धोरण न्यायालयाने जून २००९ मध्ये आखलं. आज असा अर्ज करणाऱ्याने पहिल्याच पानावर प्राधान्याची विनंती लिहावी. अंतरिम आदेशाची शक्यताही तपासावी. मार्च २००६ मध्ये रशियातल्या एका प्रकरणात, रुग्णालयात ठेवलेल्या अशिलाला वकिलाशी भेटू द्यावं म्हणून या न्यायालयाने असा आदेश दिला होता.

आठवं कलम. पालकत्वाची व्यवस्थाच माणसाच्या खासगी आयुष्यावर आक्रमण करते का, हा प्रश्न इथे विचारला गेला होता. तेरा विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने त्यात वेगळं शिरायची गरज नाही असं ठरवलं. मला उरलेल्या चार न्यायाधीशांचं मत अधिक पटतं. संस्थेतला मुक्काम हा परिणाम होता, मूळ तर पालकत्वाच्या आदेशात होतं. त्या मुळाला निकालाचा हात लागला नाही. म्हणजे निकाल जिंकूनही अर्जदार आपोआप सक्षम झाला नाही. त्याला न्यायालयात जायचा हक्क मिळाला आणि तिथून पुढे पुन्हा चालायचं होतं. वकिलांचा यात दोष नाही, मुद्दा त्यांनी मांडला होता. पण पुढच्या प्रकरणात हे कलम यादीच्या शेवटी न ठेवता स्वातंत्र्याच्या कलमाच्या बरोबरीने, स्वतंत्र वस्तुस्थितीसह मांडलेलं बरं : पैसे कोण हाताळतं, पत्रं कोण उघडतं, कुठे राहायचं हे कोण ठरवतं. न्यायालयाला ‘तेच पुन्हा’ असं म्हणायला जागा राहू नये.

तिसरी गोष्ट पैशांची आणि घराची. पालकत्वाखाली असलेल्या माणसाला भरपाई मिळते तेव्हा ती त्याच्या हाती कशी पडेल, हे मागणीतच स्पष्ट करून घ्यायला हवं. आणि ‘बाहेर’ म्हणजे कुठे? कुठल्या शहरात, कुणाच्या शेजारी, कोणत्या मदतीसह? अर्जदाराला आपलं शहर हवं होतं, हे त्याच्या रजांवरूनच दिसतं. इतका लांबचा प्रवास सोसून तो पुन्हा पुन्हा तिकडेच जात होता. अर्जाबरोबर त्याच्या शब्दांत एक पान जोडलं, मला कसं राहायचं आहे असं सांगणारं, तर न्यायालय त्याला बांधील नसतं. पण अंमलबजावणीच्या वेळी मंत्र्यांच्या समितीपुढे ते पान ठेवता येतं.

शेवटी ज्यांना वकीलही भेटत नाही त्यांच्याबद्दल. रुमानियातल्या एका मनोरुग्णालयात २००४ मध्ये एक तरुण वारला. त्याला ना नातेवाईक, ना नेमलेला पालक. त्याच्या वतीने एका संघटनेने अर्ज केला. अशा असाधारण स्थितीत संघटनेला उभं राहता येईल असं ग्रँड चेंबरने जुलै २०१४ मध्ये मान्य केलं, आणि जगण्याच्या हक्काचं उल्लंघन झाल्याचं ठरवलं. आपल्या अर्जदाराला ही वाट लागली नाही, कारण त्याला स्वतःला बोलता आणि सही करता आली. पण निवासी संस्थांना भेट देणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन्ही निकाल जवळ ठेवावेत. ज्याला सही करता येते त्याची सही पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा शब्दांत सगळं सांगून घ्यावी. आणि ज्याला येत नाही, त्याच्या खाटेजवळ काय पाहिलं ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावं.